गाईला रविवार कळत नाही

आमच्या भागात लग्नाची दावत द्यायला कोणी वस्तीवर आले की जाताना एक गोष्ट हमखास बजावते, "सगळ्यांनी यायचं बरं का, घराला कुलूप लावून या." घरधनी मान डोलावतो आणि लग्नाला एकटाच येतो. जेवण उरकले की घड्याळ बघतो आणि चारच्या आत मोटारसायकलला किक मारतो. का निघालात, असे त्याला कोणी विचारत नाही. धारेची वेळ झालेली असते. संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कुठल्याही तालुक्यात जा. डेअरीला दूध घालणाऱ्या घराचा दिवस सकाळ-संध्याकाळच्या दोन धारांमध्ये असाच बांधलेला दिसेल.

आपला अहिल्यानगर जिल्हा राज्यातल्या आघाडीच्या दूध उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. आपल्या समाजातलीही अनेक घरे पाच-दहा संकरित गाईंवर उभी आहेत. शेत थोडे, त्यात घास आणि मका, आणि बाकी सगळा संसार दुधाच्या पगारावर. पोळ्याला बैलाचे खांदे मळून त्याला एक दिवस सुट्टी देण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गाई सांभाळणाऱ्याला मात्र ना पोळा, ना ईद. रमजानमध्ये संध्याकाळची धार आणि इफ्तार यांची वेळ जवळजवळ एकच येते, म्हणून कितीतरी जण गोठ्यातच खजूर तोंडात टाकून रोजा सोडतात. ईदच्या सकाळीही आधी धार, मग डेअरी, मग अंघोळ आणि धावतपळत ईदगाह.

यात गाईचा दोष नाही. कासेत दूध तयार होणे आपल्या सोयीने थांबत नाही. धार चुकली की कास ताठते, दूध गळू लागते, आणि जंतू शिरले तर कासदाह होतो. त्याला शेतकरी दगडी म्हणतात. एकदा दगडी झाली की एखादे सड कायमचे जायलाही वेळ लागत नाही. दुसरी अडचण पान्ह्याची. ओळखीचा हात लागला, रोजचा आवाज ऐकू आला की गाय पान्हा सोडते. परका माणूस, आरडाओरडा किंवा मार यांनी ती बिथरते आणि पान्हा चोरते. म्हणजे "दोन दिवस कोणालाही सांगू" असे म्हणून हे काम भागत नाही. ते ज्याला येते, त्यालाच येते.

मग घरातल्या माणसांनी बाहेर जायचेच नाही का?

पुरुष निदान लग्नाला, बाजाराला, जमातीत जाऊन येतो. घरातली बाई तेवढीही सुटत नाही. आमच्या शाळेत एका पालकसभेला आलेली आई मला म्हणाली होती, "टीचर, नऊ वर्षं झाली, माहेरी एक रात्र राहिले नाही. अब्बांचा इंतिकाल झाला तेव्हासुद्धा जनाजा उठला आणि मी संध्याकाळच्या धारेला परत." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. मुलीच्या गैरहजेरीबद्दल बोलता बोलता सहज सांगून गेली.

मुलीची गैरहजेरी हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून त्यावर थोडे बोलते. शाळेत मी रजेवर गेले तर माझा तास दुसरे कोणीतरी घेते. तशी सोय असते. गोठ्यावरचा मोठा माणूस बाहेर गेला की त्याचा तास घरातल्या शिकत्या मुलीवर येतो. आठवीतली एक मुलगी सलग दोन आठवडे आली नाही. आली तेव्हा तिच्या बोटांची पेरे सुजलेली होती. विचारले तर म्हणाली, "अब्बा-अम्मी उमऱ्याला गेलेत. धार मीच काढते, दादा डेअरीला घालून येतो." मुलगी हुशार, घरचे लोक नेक, हेतू इबादतीचा. तरीही त्या पंधरा दिवसांचा अभ्यास बुडाला तो तिचाच. आपल्याकडे सगळ्यात स्वस्त बदली माणूस कोण, याचे उत्तर मला हजेरीपटात वाचायला मिळते.

उमऱ्याचे पंधरा दिवस कसेबसे निघतात. हजला मात्र साधारण चाळीस दिवस लागतात आणि बहुतेक घरांत नवरा-बायको बरोबरच जातात. "एकाने जायचे, एकाने थांबायचे" हा गोठ्याचा नेहमीचा नियम तिथे चालत नाही. अशा वेळी लोक तीन वाटा धरतात. काही जण गाई लोणीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात विकून मोकळे होतात. घाईने विकलेल्या जनावराला घाईचाच भाव येतो, आणि परतल्यावर तशी गाय पुन्हा जुळवायला वर्षे जातात. काही जण मेहुण्याला किंवा भाच्याला बोलावून घेतात. त्याचे स्वतःचे काम बुडते आणि पुढे दोन घरांत कुरबूर सुरू होते. उरलेले लोक निघायच्या आदल्या दिवशी मिळेल त्या गड्याच्या हाती गोठा देतात आणि सगळे चाळीस दिवस त्यांचे अर्धे मन गोठ्यात असते. तवाफ चालू आणि डोक्यात लाल गाईचा ताप.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. घरे मोठी होती, चार भाऊ एका चुलीवर जेवत. गुढीपाडव्याला सालगडी ठरायचा तो पुढच्या पाडव्यापर्यंत. शेजाऱ्यांत सावड चालायची. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. सालगड्याच्या प्रथेत अन्यायही पुष्कळ होता. आधी उचल द्यायची आणि ती फिटेपर्यंत माणसाला बांधून ठेवायचे, असे प्रकार इतके होते की देशात १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला. ती पद्धत परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण घरे लहान झाली, भाऊ वेगळे झाले, सालगडी दुर्मिळ झाला आणि त्यांच्या जागी दुसरी कुठलीच सोय उभी राहिली नाही.

ही अडचण आपलीच नाही. गाय जिथे आहे तिथे ती आहे, आणि काही देशांनी तिच्यावर उपाय शोधला आहे. फिनलंडमध्ये जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला २६ दिवसांची सुट्टी कायद्याने मिळते. त्या दिवसांत गोठा सांभाळायला शिकलेला बदली माणूस येतो आणि खर्चाचा भार सरकार उचलते. ही व्यवस्था १९७० च्या दशकापासून आहे. आयर्लंडमध्ये १९८० साली शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर बदली माणसे पुरवणारी संस्था काढली. जपानमध्ये गावोगावचे दूध उत्पादक एकत्र येऊन 'डेअरी हेल्पर' ठेवतात. तो गटातल्या गोठ्यांवर पाळीपाळीने जातो. तिथल्या लोकांनी शेतकऱ्याची विश्रांती ही चैन मानली नाही. दमलेला, आजारी माणूस गोठा नीट चालवू शकत नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी केला.

आपल्याला तर याची शिकवण फार जुनी आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल-कससमध्ये मदयनच्या विहिरीचा प्रसंग येतो. बाकीचे धनगर आपल्या कळपांना पाणी पाजत आहेत आणि दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला थांबल्या आहेत. वडील फार वृद्ध, घरात दुसरे कोणी नाही, म्हणून हे काम मुलींवर आलेले. हजरत मूसा (अलै.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजतात. पुढे त्यांतलीच एक मुलगी वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा, आणि चांगल्या कामकऱ्याचे दोन गुण सांगते: तो समर्थ असावा आणि अमानतदार असावा. कवी आणि अमीन. हा सल्ला घरच्या कर्त्या पुरुषाला सुचलेला नाही. जी रोज विहिरीवर उभी राहत होती, तिने तो दिला आहे. वडिलांनी तो मानला, मुदत ठरवली, मोबदला ठरवला, आणि मी तुमच्यावर जास्त भार टाकणार नाही असे आधीच सांगितले. गोठा कोणाच्या हाती द्यायचा आणि कसा द्यायचा, हे सगळे त्या प्रसंगात आले आहे.

आपण बहुतेक वेळा या दोनपैकी एकच गुण बघतो. "पोरगा नमाजी आहे, चोरी करणार नाही," म्हणून ज्याने कधी धार काढली नाही अशा भाच्याला बसवतो. आठ दिवसांत दोन गाईंना दगडी होते. किंवा "काम वाघासारखं करतो," म्हणून ज्याची काहीच माहिती नाही अशा माणसाला ठेवतो आणि पेंडीची पोती कमी होतात. दोन्ही गुण हवेत, आणि दोन्ही पारखायला वेळ द्यावा लागतो.

म्हणून पहिली तयारी वेळेची. अलीकडे हजचे अर्ज आधीच्या वर्षीच्या पावसाळ्यातच भरले जातात. गाय सरासरी २८० दिवसांनी, म्हणजे आपले लोक म्हणतात तसे नऊ महिने नऊ दिवसांनी विते. सध्या हज मे-जूनच्या सुमारास येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरवलेली गाय नेमकी त्याच दिवसांत विणार, आणि विण्याची अडचण परक्या माणसावर टाकणे बरे नाही. तेच रेतन ऑक्टोबरमध्ये केले तर गाय जुलैत विते, आणि विण्याआधीचे दोन महिने ती आटवलेली असल्याने मे-जूनमध्ये तिची धारच काढावी लागत नाही. बदली माणसाचे काम तेवढे हलके होते. हज दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो; त्याप्रमाणे हा हिशेबही मागे न्यायचा.

दुसरी तयारी गोठ्याची. काम जितके सोपे, तितके ते दुसऱ्याच्या हाती देणे सोपे. आपल्या जिल्ह्यात मुक्त संचार गोठा आता अनेकांनी केला आहे. गाई दावणीला बांधलेल्या नसतात, पाण्याची टाकी भरलेली असते, त्यामुळे दिवसभर कोणी पाणी पाजत बसत नाही. मुरघास करून ठेवला की रोज घास कापून आणण्याचा व्याप वाचतो. धारेचे यंत्र असेल तर हाताची सवय तितकी आडवी येत नाही. मात्र ते धुण्यात आळस झाला तर रोग तिथूनच शिरतो. लाळ्या-खुरकुताची लस निघण्याच्या पुरेशी आधी टोचून घ्यावी.

तिसरी तयारी ओळखीची. येणारा माणूस निदान आठ-दहा दिवस आधी यावा. पहिले दोन दिवस त्याने नुसते बघावे, मग तुम्ही शेजारी असताना त्याने धार काढावी, शेवटचे दोन दिवस तुम्ही गोठ्यात पाऊलच टाकू नये. गाईला नवा हात कळतो आणि तुम्हालाही माणूस कळतो. एकदम चाळीस दिवसांची परीक्षा घेण्यापेक्षा वर्षभरात आधी एक रात्र, मग तीन दिवस असे करून पाहावे. त्या एका रात्रीत घरातली बाई माहेरी मुक्कामाला जाऊन येईल.

चौथी तयारी लिखापढीची. भिंतीवर एक तक्ता लावा: प्रत्येक गाईचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, दोन्ही वेळचे दूध, पेंडीचे माप, गाभण असेल तर तारीख, खोड असेल तर तीही. लाथ कोणती मारते आणि कोणते सड शेवटी पिळायचे, हे तुम्हाला पाठ असते, त्याला नसते. माणूस लिहिता-वाचता नसेल तर गाईंच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या बांधा आणि तक्त्यात तेच रंग भरा. हा तक्ता आठवीतली मुलगी फार सुरेख करते. तिला हे काम द्या, धारेचे नको. बऱ्याच संकलन केंद्रांवरून दुधाचे माप, फॅट आणि एसएनएफ मोबाइलवर येतात. दूध अचानक उतरले तर मक्केतूनही एक फोन करता येतो.

पाचवी गोष्ट अधिकाराची. गाय आजारी पडली तर डॉक्टरला कोण बोलावणार, पैसे कोण देणार, हे आधी ठरलेले असावे. पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. जवळच राहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे थोडी रक्कम आणि निर्णयाचा हक्क देऊन जा. त्याने रोज फेरी मारली तरी पुरे. रोज हुकूम सोडू नयेत. जनावर दगावले तर काय, हेही बोलून ठेवा. मजुराने हलगर्जी केली नसेल तर नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही, असे आपले फुकहा सांगतात. तुमच्या बाबतीत शंका असेल तर निघण्यापूर्वी आलिमांना विचारून घ्या, नंतर भांडू नका.

आता मजुरीबद्दल. इथे आपला हात आखडतो. समजा, आठ दुभत्या गाई आहेत, रोजचे ८० लिटर दूध आहे आणि भाव ३० रुपये धरला. म्हणजे दिवसाला २,४०० रुपयांचे दूध. अनाडी माणसाच्या हाती पाचवा हिस्सा दूध उतरले तर १६ लिटर, म्हणजे ४८० रुपये रोज गेले. मजुरीत २०० रुपये वाचवून ४८० घालवायचे, यात शहाणपण कसले? शिवाय मजुरी आधी ठरवणे आणि घाम वाळण्याआधी देणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्यांनी स्वतः मक्केच्या लोकांची बकऱ्या-मेंढरे मजुरीवर चारली होती. या कामाला हलके समजण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मजुरीबरोबर त्याची झोपायची जागा, जेवण, पंखा, मच्छरदाणी यांचाही विचार हवा. गोठ्यावर बाहेरगावची नवरा-बायकोची जोडी ठेवली असेल तर त्यांच्या लेकरांना जवळच्या शाळेत बसवा. आणि ज्या सुट्टीसाठी आपण एवढी खटपट केली, ती त्यालाही हवी. चाळीस दिवसांत त्याला दर आठवड्याला एक संध्याकाळ मोकळी मिळावी, त्याची ईद किंवा दिवाळी येत असेल तर त्याला घरी जाता यावे. आपली सुट्टी दुसऱ्याला जखडून मिळवली तर ती कसली सुट्टी?

एकेका घराला हे सगळे जड जाईल, हे मला मान्य आहे. म्हणून चार घरांनी मिळून करावे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच जिल्ह्यात. गावागावात दूध संस्था आहेत. दहा-बारा गोठ्यांच्या संस्थेने दोन शिकलेली बदली माणसे वर्षभर ठेवली तर प्रत्येक घराला महिन्यातून चार-पाच दिवस मोकळे मिळतील. खर्च लिटरमागे काही पैशांनी सगळ्यांच्या दुधातून वळता करता येईल. गावातल्या बेकार तरुणाला रोजगार मिळेल. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. गाईंबद्दलचे शिक्षण कुठे घ्यावे, हा प्रश्न निदान आपल्या जिल्ह्यात तरी पडू नये.

संस्थेची वाट बघायची नसेल तर सावड आहेच. आषाढी वारीला त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते. शेजारच्या वारकरी घरातही तोच प्रश्न असतो: वारीला दोघे कसे जाणार, गाई कोण बघणार? त्यांच्या वारीत त्यांचा गोठा आपण सांभाळावा, आपल्या हजमध्ये आपला त्यांनी. दोन्ही घरांच्या गाई दोन्ही घरांच्या हाताला सरावल्या की कोणालाच कुलूप शोधावे लागत नाही. काही वस्त्यांवर हे आजही गाजावाजा न करता चालते.

येत्या महिन्यात एक रात्र ठरवा. कोणाला सांगायचे, त्याला काय द्यायचे आणि घरातून कोण बाहेर पडणार, हे आज जेवताना बोला. मात्र बाहेर पडण्याचा पहिला हक्क घरातल्या बाईचा. मुलीला त्या दिवशी शाळेतच पाठवा. अनुभव कसा आला, दूध किती उतरले आणि कोणत्या गाईने खोडी केली, हे मला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या लेखात ते इतरांच्या उपयोगी पडेल. अल्लाह तुमच्या घरात आणि गोठ्यात बरकत देवो. आमीन.